बंड्या पळतो, पण कुठे?

पत्र

ताई, आमच्याकडे बंड्या नावाचा ससा आहे. पांढरा, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी रिंगणं, वय दहा महिने, वजन दोन किलोला थोडं कमी. दोन महिन्यांचा असताना लेकीच्या वाढदिवसाला आणला. दुकानदार म्हणाला नर आहे, म्हणून बंड्या. एकटाच असतो.

हॉलमध्ये त्याला लोखंडी जाळीच्या आठ पट्ट्यांचं कुंपण केलंय. प्रत्येक पट्टी दोन बाय दोन फूट. आत लाकडी घर आहे, गवत आहे, पाण्याची वाटी आहे. पहिले चार महिने गुण्यागोविंदाने राहिला. मग एक दिवस त्या घराच्या छपरावर चढून बाहेर उडी. वर चादर टाकली, तर नाकाने ढकलत ढकलत अख्खं कुंपणच टीव्हीपर्यंत नेलं आणि कोपऱ्यातल्या फटीतून निघाला. कुंपण भिंतीला टेकवलं, तर दाराची कडी उघडायला शिकला. कडीला सुतळी बांधली. सकाळी सुतळीचे तुकडे!

गेले चार-पाच दिवस तर कहर आहे. रोज पहाटे साडेपाचच्या सुमारास हा बाहेर, आणि दर वेळी दिवाणाखाली. तोंडात गवताची जुडी धरून पळतो. सासूबाईंचा कापसाच्या वातींचा डबा दोनदा पाडला आणि वाती पळवल्या. गेल्या महिन्यातही दोन दिवस असंच केलं होतं. छातीवरचे केस गेलेत, कातडी दिसते. ताण आला असेल का? एरवी तब्येत छान आहे, उलट हनुवटीखाली चांगली वळी आलीय. बिस्किटं, गाजर, पोळी, सगळं आवडीने खातो.

तीन चार्जर आणि नेटची वायर झाली. ह्यांची मीटिंग मध्येच बंद पडली तेव्हापासून हे म्हणतात, नेरळला मित्राचं शेत आहे, तिथे सोडून येऊ, ससाच तो, मजेत राहील. शेजारच्या काकू म्हणतात, नाकावर टिचकी मारा. मी सुताराकडून प्लायवूडचं झाकण करून घ्यावं म्हणतेय, कुलपासकट. की सरळ लहान पिंजरा आणू?

ता. क. सासूबाई विचारताहेत, सशाने तोंड लावलेल्या वाती देवापुढे चालतील का?

— ससेहोलपट झालेली, डोंबिवली


उत्तर

ससेहोलपट खरं तर सशाची व्हायची असते, मागे शिकारी लागल्यावर. तुमच्या घरात ती माणसांची झाली, आणि ससा दिवाणाखाली निवांत. असो.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा ते मला कुंपणाचं पत्र वाटलं. दुसऱ्यांदा वातींचं. उडी, कडी, सुतळी यांवर तुम्ही सविस्तर लिहिलंय आणि वातींना एक ओळ दिलीय, पण माझं सगळं लक्ष त्या ओळीवर गेलं. नुसता पळायचा म्हणून पळणारा ससा बाहेर आल्यावर भटकतो, हुंगत फिरतो, इकडची वायर कुरतड, तिकडचा पडदा ओढ असं करतो. तुमचा बंड्या दर वेळी एकाच जागी जातो. जाताना सामान घेऊन जातो. गवत, कापूस, आणि स्वतःच्या छातीचे केस.

तेव्हा कडी बाजूला ठेवू आणि आधी दिवाणाखाली बॅटरी मारून बघू. मागच्या कोपऱ्यात, भिंतीच्या बाजूला, गवताची एक खोलगट वाटी दिसेल. आत पांढऱ्या मऊ केसांचं अस्तर, आणि त्यात सासूबाईंच्या वाती. तसं असेल तर बंड्याचं नाव बदलायची तयारी ठेवा. तो बंडी आहे.

दुकानातून 'नर' म्हणून आणलेला ससा मादी निघणं ही या शौकातली सगळ्यात जुनी गंमत आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाचं लिंग ओळखायला अनुभवी हात लागतो, आणि दुकानदाराला गिऱ्हाईक जे मागेल ते द्यायचं असतं. तुमच्याच पत्रात आणखी दोन खुणा आहेत. हनुवटीखालची वळी ही बिस्किटांची चरबी असू शकते, पण वयात आलेल्या मादीला गळ्याखाली अशी झालर बऱ्याचदा येते, गाईच्या गळ्याखाली लोंबते तशी. बाळंतपणासाठी केस उपटायचे असतात ते छातीवरून, पोटावरून आणि याच झालरीवरून. दुसरी खूण तारखेची. पहिले चार महिने गुण्यागोविंदाने, म्हणजे वय सहा महिन्यांपर्यंत. ससे साधारण चार ते सहा महिन्यांत वयात येतात. पहिली उडी त्याच सुमाराला पडली.

दहा महिन्यांच्या नराचे वृषण मागच्या पायांमध्ये दोन्ही बाजूंना दिसतात, त्यावर फारसे केस नसतात. सशाला उताणं न करता, मांडीवर बसवून, लेकीच्या मदतीने हलक्या हाताने बघता येईल. खात्री मात्र डॉक्टरकडूनच करा. आणि नर निघालाच, तर छातीवरचे केस जाण्याचं कारण वेगळं असणार, गोचीड-खरजेसारखं काही. मग ते आधी दाखवा, कुंपण नंतर.

मादी आहे असं धरून पुढे लिहिते. ती आठ महिने एकटी आहे, म्हणजे गाभण असण्याचा प्रश्न नाही. सशाची मादी एकतीस दिवसांच्या आसपास विते, आणि कुठल्या नराची गाठ पडून आठ महिने झाले. हे खोटं गाभणपण आहे. सशांमध्ये ते सर्रास होतं, एकट्या मादीलाही होतं. शरीराची समजूत होते की पिल्लं येणार. साधारण सोळा ते अठरा दिवस ते चालतं आणि शेवटच्या दिवसांत घरटं करायची घाई सुटते. मग पुन्हा काही आठवड्यांनी तेच. तुम्ही लिहिलंय की गेल्या महिन्यातही दोन दिवस असंच झालं. बरोबर बसतं.

आता ती घरटं कुंपणात का करत नाही? आत गवत आहे, लाकडी घर आहे. इथे आपल्या मराठीचा थोडा दोष आहे. आपल्याकडे ससा हा एकच शब्द. माळरानावर पायाखालून सुर्रकन निघतो तोही ससा, दुकानातून आणतो तोही ससा. प्रत्यक्षात ही दोन वेगळी जनावरं आहेत. रानातला आपला ससा बीळ खणत नाही. गवतात नुसत्या दबलेल्या जागेत बसतो, आणि त्याची पिल्लं अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच जन्मतात. पाळीव ससे मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळात राहणारे. त्यांची पिल्लं उघडी, आंधळी, बोटाएवढी. त्यांना दडवायला अंधारी, बुटकी, वरून बंद जागा लागते. या जातीच्या रानटी माद्या बऱ्याचदा विण्याची जागा गोतावळ्यापासून दूर, वेगळं छोटं बीळ खणून करतात, आणि पिल्लांना दूध पाजायला दिवसातून एकदाच काही मिनिटं जाऊन येतात. बाहेर पडताना बिळाचं तोंड मातीने लिंपून टाकतात. बंडीने आयुष्यात माती पाहिलेली नाही, पण तिच्या पूर्वजांच्या हिशेबाने हॉलचं मैदान ओलांडून दिवाणाखाली जाणं हेच शहाणपणाचं आहे.

म्हणून पहिलं काम असं. ते घरटं आज मोडू नका. रोज मोडलंत तर ती रोज नव्याने केस उपटेल. तिच्या कुंपणात एक पुठ्ठ्याचं मोठं खोकं उपडं ठेवा, मिक्सरचं किंवा इस्त्रीचं नव्हे, टीव्हीचं नाहीतर किराण्याचं मोठं. त्याला समोरासमोर दोन दारं कापा. एका दाराच्या घराला ससा घर मानत नाही, तो त्याला सापळा वाटतो. तुमच्या लाकडी घराला एकच दार असणार, बघा. खोक्यात भरपूर वाळकं गवत कोंबा, आणि दिवाणाखालच्या घरट्यातले थोडे केस उचलून त्यात ठेवा, वास तिचा असतो. कुंपण दिवाणाला खेटून मांडता आलं तर आणखी बरं, दिवाणाखालची तेवढी जागा आत घेऊनच. मग तिला कडी उघडायचं कारणच उरत नाही. आठवडाभरात उत्साह ओसरतो. मग घरटं काढा आणि दिवाणाच्या तीन बाजू फळ्या ठोकून बंद करा.

कापूस मात्र आजच काढा. घरट्यात वाती असतील तर वेचून घ्या. केस आणि कापूस पोटात गेला आणि त्यावर पुरेसं गवत गेलं नाही, तर आतडं संथ होतं. सशाला उलटी करता येत नाही, गेलेलं पुढेच जायला हवं. लेंड्या बघत जा. मोठ्या हरभऱ्याएवढ्या, गोल, कोरड्या असतील तर ठीक. केसात ओवलेल्या माळेसारख्या येत असतील तर गवत वाढवा. दहा-बारा तास खाणं बंद आणि लेंडी नाही, असं झालं तर उद्या बघू म्हणू नका, रात्री का होईना डॉक्टर गाठा.

आता कुंपण. तिथे काही कमी-जास्त आहेच.

माझ्या पहिल्या सशिणीची गोष्ट सांगते. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. ती रोज पहाटे बाहेर. मी कडीवर कडी लावत गेले, तीन झाल्या. शेवटी एका रात्री दिवा मालवून, स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसले, हातात चहा. सव्वापाचला ती उठली, आळस दिला, कान साफ केले. तिन्ही कड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दाराच्या खालच्या कोपऱ्यात कपाळ लावून दाब दिला. वर घट्ट, खाली ढिलं, त्यामुळे जाळीला तळाशी बाक आला, चार बोटं फट पडली, आणि ती लाटलेल्या पोळीसारखी सपाट होऊन त्यातून बाहेर सरकली. बाहेर आल्यावर अंग झटकलं आणि माझ्या चहाच्या कपात नाक घातलं. मी मात्र तीन आठवडे कुलपं विकत घेत होते.

तुम्हाला जागायला नको, मोबाईल स्टुलावर ठेवून पॅसेजचा दिवा चालू ठेवा आणि चित्रण करा. एक पहाट पुरे. कडी खरंच दाताने उचलते की दार हलवता हलवता कडी आपोआप सरकते, हे कळू द्या. बहुतेक वेळा दुसरं असतं. काहीही असो, उपाय स्वस्त आहे. कुत्र्याच्या साखळीला असतो तो खटक्याचा हूक हार्डवेअरच्या दुकानातून दोन घ्या, एक दाराच्या वरच्या टोकाला, एक खालच्या. दोन्ही बाहेरच्या बाजूने. त्याचा खटका अंगठ्याने मागे ओढावा लागतो, आणि देवाने सशाला अंगठा दिलेला नाही. सुतळी, नायलॉनची दोरी, कापडाची नाडी यातलं काही आतून लागेल असं बांधू नका. सशाचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर, त्यांना झिजवायला काहीतरी लागतंच. तुम्ही सुतळी बांधलीत म्हणजे तिला नाश्ता दिलात.

कुंपणाची दोन फूट उंची अपुरी आहे. तरुण, हलका ससा जागच्या जागी दोन फूट मारतो. स्वीडनमध्ये सशांच्या उड्यांच्या स्पर्धा होतात, तिथे उंच उडीचा विक्रम एक मीटरच्या वर आहे. तुम्हाला स्पर्धा भरवायची नाही, तेव्हा तीन फुटी पट्ट्या बदलून घ्या. ते लगेच जमत नसेल तर आतली पायरी तरी काढा. लाकडी घर भिंतीपाशी असेल तर ते बरोबर मध्ये आणा, कुठल्याही बाजूपासून दोन फूट लांब. छप्पर सपाट असेल तर त्यावर पुठ्ठा तिरका बसवा, पाय ठरत नाही. पाण्याचं जड भांडं, गवताची पेटी, सगळ्याला हेच लागू. ससा उडी मारायच्या आधी चढतो कशावर, ते बघायचं.

ढकलण्याचं कारण तुमच्या लाद्या. गुळगुळीत फरशीवर लोखंडी कुंपण म्हणजे चाकं लावल्यासारखं. खाली जाड सतरंजी घाला आणि पट्ट्या सतरंजीच्या आत, तिच्या काठांवर उभ्या करा, म्हणजे सशाचंच वजन सतरंजीवर राहील आणि ती सरकणार नाही. दोन टोकं दिवाणाच्या पायाला किंवा खिडकीच्या गजाला पक्की बांधा. सतरंजीचा आणखी एक फायदा. सशाच्या तळव्याला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. निसरड्या फरशीवर पाय फाकतात, टाचा सोलवटतात. योगाची चटई नको, ती ते खातात.

प्लायवूडचं झाकण मात्र करू नका, कुलूप तर नकोच. डोंबिवलीच्या एप्रिल-मेमध्ये, दमट हवेत, वरून बंद केलेली पेटी म्हणजे भट्टी. सशाला घाम येत नाही, तो उष्णता कानांतून बाहेर टाकतो, आणि हवा तिशीच्या वर गेली की त्याला त्रास सुरू होतो. तीन फुटी पट्ट्या येईपर्यंत वर वेल्डमेशची जाळी घाला, एक इंची घरांची, कडा पक्कडीने वळवून. चादर वापरायची तर अर्ध्याच भागावर, बाहेरून चिमटे लावून.

पण मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. कुंपणाचा इतिहास सशांच्या बाजूने आहे. ऑस्ट्रेलियात १८५९ मध्ये एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून आणवलेले दोन डझन ससे मोकळे सोडले. पुढे ते इतके माजले की पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ राबून त्यांना अडवायला तीन हजार किलोमीटरच्या वर कुंपणं घातली, जाळीचा तळ जमिनीत पुरून. काम पुरं व्हायच्या आत ससे पलीकडे पोचले होते. एका सरकारला जे जमलं नाही ते आठ पट्ट्यांकडून किती अपेक्षावं?

तेव्हा वेळ सांभाळा. ससा दिवसा झोपतो, रात्रीही बराच झोपतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याला जोर येतो. साडेपाच ही वेळ तिने निवडलेली नाही, ती तिच्या रक्तात आहे. तुमच्याकडे त्या वेळी कोणीतरी उठतंच असणार, पाणी भरायला, डबा करायला. सव्वापाचला दार तुम्हीच उघडा. सात वाजेपर्यंत हॉल तिचा. संध्याकाळी पुन्हा दोन तास. ज्या दाराची रोज ठरल्या वेळी वाट पाहता येते, ते फोडण्यात सशाला फारसा रस उरत नाही. दोन आठवडे वेळ चुकवू नका, मग फरक बघा.

लहान पिंजऱ्याचा विचार सोडा. तुमचं आत्ताचं कुंपण चार बाय चार, म्हणजे सोळा चौरस फूट. ब्रिटनमधली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड ही संस्था सशांच्या जोडीला तीन मीटर बाय दोन मीटर जागा आणि एक मीटर उंची सांगते, म्हणजे पासष्ट चौरस फुटांच्या आसपास. आपल्या फ्लॅटमध्ये तेवढी जागा सशाला देता येत नाही, मला ठाऊक आहे. म्हणून तर हॉलचे तास. पिंजरा लहान केलात तर पळणं थांबेल आणि गज चावणं सुरू होईल, रात्री दोनला, खणखण.

हॉल मोकळा करायचा म्हणजे वायरी उचलायच्या. भिंतीवर गुडघ्याच्या वर न्या, किंवा इलेक्ट्रिशियनकडून प्लॅस्टिकच्या केसिंग-पट्टीत घालून घ्या. तीन चार्जर गेले हे तुमचं नशीब, चालू वायर दाताखाली आली असती तर ससा गेला असता. मनी प्लांटची कुंडी खाली असेल तर ती वर.

आणि तिला काम द्या. हे मी शेवटाकडे लिहितेय, पण माझ्या मते अर्धं पळणं इथे थांबतं. बिस्किटं, पोळी बंद, आजपासून. गाजर म्हणजे तिची मिठाई, रविवारी दोन चकत्या. चित्रातला ससा गाजर खातो, खरा ससा गवत खातो. खाण्यातला बहुतांश भाग वाळकं गवत हवं, दिवसभर, हवं तितकं. जोडीला मूठभर पाला, कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा-गाजराचा पाला, थोडी मेथी. कांदा-लसूण-बटाटा नाही. गोळी-खाद्य देत असाल तर वाटीत ओतू नका. दोन मिनिटांत संपतं, आणि मग उरलेल्या दिवसभरात ही बाई करणार काय? कड्या उघडणार. तेच दाणे गवतात विखरा, टिश्यूपेपरच्या नळीत घालून टोकं दुमडा, कोथिंबिरीची जुडी जाळीला उंचावर अडकवा म्हणजे दोन पायांवर उभं राहावं लागेल. खोक्यात जुनी वर्तमानपत्रं फाडून भरा, त्यात खणू दे. कडी उघडणारं डोकं आहे ते, त्याला कोडी लागतात. गोळ्यांचा डबा वाजवून "ये" म्हणायचं आणि आली की एक दाणा. आठवड्यात ती नावाला धावते. दिवाणाखालून काढायला मग झाडू लागत नाही.

काकूंना नमस्कार सांगा आणि टिचकी मारू नका. सशाला नाकाच्या थेट समोरचं दिसत नाही, बाकी चहूबाजूंचं दिसतं. तिथून आलेली टिचकी म्हणजे त्याच्या लेखी आकाशातून आलेली घार. त्यामागे धावणंही नको, कान धरून उचलणं तर कधीच नको. छातीखाली एक हात, ढुंगणाखाली दुसरा. सशाचा सांगाडा हलका आणि मागचे पाय फार जोरकस. हवेत लाथ झाडली तर स्वतःचाच कणा मोडून घेतो.

नेरळच्या शेताबद्दल ह्यांना एवढंच सांगा की तो रानातला ससा नाही, हे वर लिहिलंय ते वाचून दाखवा. पांढरं जनावर, हिरव्या शेतात, वाडीतली कुत्री, मुंगूस, घार. एक रात्र काढली तरी पुष्कळ. उपासमार होईल अशा परिस्थितीत पाळीव जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. मीटिंग बंद पडल्याचा राग मी समजू शकते. राउटर वरच्या फळीवर ठेवा.

आता खरा इलाज. मादी असेल तर तिची नसबंदी करून घ्या. वर्षानुवर्षं दर काही आठवड्यांनी केस उपटणं तिच्याही जिवाला बरं नाही, आणि नसबंदी न केलेल्या माद्यांना वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो, हिशेब करा. हे खोटं गाभणपण सरेपर्यंत डॉक्टर बहुधा थांबायला सांगतील. डॉक्टर निवडताना फोनवर दोन प्रश्न विचारा. महिन्यात सशांच्या किती नसबंद्या करता? आणि ऑपरेशनच्या आधी रात्रभर उपाशी ठेवायचं का? दुसऱ्याला "हो, काही देऊ नका" असं उत्तर आलं तर गोड बोलून फोन ठेवा. कुत्र्या-मांजराला उपाशी ठेवतात ते उलटी होऊ नये म्हणून, सशाला उलटी होतच नाही, उलट रिकामं पोट त्याला घातक. हा एक प्रश्न मला आजवर सगळ्या पदव्यांपेक्षा जास्त उपयोगी पडलाय.

राहता राहिल्या वाती. धर्मशास्त्र मला कळत नाही, पण बंडीने त्या तोंडात धरून नेल्या, लाळेने चिंब केल्या आणि स्वतःच्या केसांत गुंडाळल्या. निरांजनात लावल्या तर देवघरात केस जळल्याचा वास सुटेल. सासूबाईंना म्हणावं, नव्या वळा. आणि डबा फडताळाच्या वरच्या कप्प्यात, झाकण घट्ट असलेला, स्टीलचा.